चारशे तेरा वाक्यं

ताईचा फोन आला तेव्हा चष्मेवाला एका आजोबांच्या डोळ्यांसमोर काचा बदलून बघत होता. रविवार हा दुकानाचा सगळ्यात धावपळीचा वार. बाकावर चार गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. फोनवर ताईचं नाव होतं. तिच्या आवाजाची जी अवस्था होती, त्यात ती फोन करणं शक्यच नव्हतं. काही हवं असलं तर ती लिहून पाठवायची.

त्याने फोन कानाला दाबून धरला. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग कुजबुज.

"अकराशे सत्त्याऐंशीच दिसतायत," ती म्हणाली. "सोळाशे नाहीत."

ही ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती तलावावर पोहायला शिकवायची. वीस वर्षं पाण्याच्या कडेला उभं राहून तिने मुलींना ओरडून ओरडून पोहायला लावलं होतं. या टोकाला उभी राहून हाक मारली की त्या टोकाची मुलगी दचकून पाय हलवायला लागायची. गेल्या वर्षी आवाज घोगरा झाला तेव्हा सगळे म्हणाले, ओरडून बसला असेल. पुढे तपासण्या झाल्या आणि गाठ निघाली. स्वरयंत्र काढण्यावाचून दुसरा मार्ग उरला नव्हता. ऑपरेशन येत्या बुधवारी होतं. त्यानंतर ताईच्या गळ्यातून तिचा आवाज कधीच निघणार नव्हता.

इस्पितळातच त्यांना आवाजाच्या प्रयोगशाळेविषयी कळलं होतं. माणसाने आपल्या आवाजात सोळाशे वाक्यं बोलून ठेवायची. त्यावरून ते लोक एक आवाज घडवतात, आणि मग लिहिलेलं काहीही तो आवाज वाचून दाखवतो. त्यातली बाराशे वाक्यं त्यांच्या यादीतली. उरलेली चारशे ज्याची त्याने ठरवायची, म्हणजे घरातल्या हाका, चिडणं, लाडानं बोलणं, नेहमीचे विनोद. ताई आपल्या नऊ वर्षांच्या ठमीला घेऊन दोन महिन्यांपूर्वी भावाकडे राहायला आली होती, कारण इस्पितळ तिथून जवळ होतं. भावोजी जहाजावर होते, ते मंगळवारी पोचणार होते. ताई रोज सकाळी नाश्त्याआधी आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि माइकसमोर बसायची. शुक्रवारी सोळाशेवं वाक्य झालं. शनिवारी सकाळी उठली ती आवाज पार बसलेलाच. घशाला सूज चढली होती. आता एक शब्दही ताण देऊन बोलायचा नाही, असं सर्जननी बजावलं होतं.

म्हणजे जी वाक्यं दिसत नव्हती, ती पुन्हा बोलून घेण्याची सोय उरली नव्हती.

चष्मेवाल्याने आजोबांच्या नाकावरची चाचणीची फ्रेम तशीच ठेवली आणि तो काउंटरच्या मागे गेला. यादीत शेवटचं वाक्य कोणत्या तारखेचं आहे, असं त्याने विचारलं. ताईने नऊ तारीख सांगितली. आज वीस होती. अकरा दिवस.

आणि मग त्याला सगळं कळलं. एखादा माणूस जिन्यावरून घसरतो तेव्हा पडण्याआधीच कसं कळतं, तसं.

ही वाक्यं प्रयोगशाळेच्या संगणकावरही ठेवता आली असती. चष्मेवाल्यानेच नको म्हटलं होतं. ताईचा आवाज परक्याच्या घरी कशाला? आपल्याकडे आपला सर्व्हर आहे की. घराच्या दारामागच्या कपाटात त्याने एक लहानसं यंत्र ठेवलं होतं. घरातले फोटो, कागदपत्रं, आईची औषधांची यादी, सगळं त्यावर. हा त्याचा छंद होता, आणि खरं म्हणजे थोडा अभिमानही. त्याने निवडलेली प्रणाली अशी होती की चालू असताना तिच्या मूळ भागाला कुणालाच हात लावता येत नाही, खुद्द मालकालाही नाही. सुधारणा आली की अख्खी नवी प्रत येते, यंत्र एकदा बंद होऊन चालू होतं आणि जुन्याच्या जागी नवी. नवीन बिघडलेली निघाली तर एका हुकमात जुनी परत. आणि जी काय कामं करायची ती वेगवेगळ्या कंटेनरांत. फोटोंचा एक, कागदांचा एक, ताईच्या वाक्यांचा एक.

"म्हणजे डबेच की," ताई तेव्हा म्हणाली होती, आवाज होता तेव्हा.

"डबेच. पण डब्यात काही साठवायचं नाही. डबा दर वेळी फेकून द्यायचा आणि नवा घ्यायचा. सामान बाहेरच्या फोल्डरात. तो जपायचा."

ऐकायला हे सुरेख वाटतं, आणि एरवी ते सुरेख चालतंही. नऊ तारखेला ध्वनिमुद्रणाच्या कंटेनरची नवी आवृत्ती आली. तिने फाइली ठेवायची जागा बदलली. तसं तिच्यासोबतच्या टिपणात लिहिलेलंही असणार. त्याने ते वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून ताईचं प्रत्येक वाक्य बाहेरच्या फोल्डरात न जाता डब्यातच पडत राहिलं होतं. अकरा दिवस डबा उघडा होता, म्हणून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. रोजचा बॅकअपही होत होता. रिकाम्या हाताने जाऊन "प्रत घेतली, सर्व ठीक" असा निरोप रोज त्याला पाठवत होता. आणि आज सकाळी अकराला प्रणालीची नवी प्रत आली. यंत्र बंद झालं, चालू झालं. जुना डबा गेला, नवा आला.

दुसऱ्यांना नंबर काढून देणाऱ्याला स्वतःच्या नाकासमोरचं दिसलं नव्हतं.

पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की जुनी प्रत परत आणावी. पण त्याने प्रणाली परत आली असती, डबा नाही. वर त्या खटाटोपात डिस्कवर पुन्हा लिहिलं गेलं असतं. आणि लिहिलं जाणं हाच तर धोका होता. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिचं नाव जातं, जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, पण तिथला मजकूर काही काळ तसाच राहतो. कुणी वर लिहीपर्यंत, किंवा मोकळ्या जागांची सफाई होईपर्यंत.

सफाई. आठवड्यातून एकदा व्हायची ती. यंत्रात काही बिघडायचं असेल तर ते आपण झोपेत असताना नको, दिवसाढवळ्या बिघडू दे, म्हणून या सगळ्या वेळा त्याने स्वतः दिवसाच्या लावल्या होत्या. सुधारणा अकराला. सफाई रविवारी, दुपारी बाराला.

घड्याळात अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. दुकानापासून घर पंचवीस मिनिटांवर होतं. बाहेरून यंत्रात शिरायला त्याने एकही वाट ठेवली नव्हती. चोराला नको म्हणून ठेवली नव्हती, ती आता मालकालाही नव्हती. घरात ताई एकटी. आई ठमीला घेऊन तिच्या शाळेच्या बुटांसाठी बाजारात गेली होती.

"ताई, आता बोलू नकोस, फक्त ऐक," तो म्हणाला. "कळलं की फोनवर एकदा नख वाजव. दारामागचं कपाट उघड."

टक.

"तीन काळ्या पेट्या आहेत. निळा दिवा आहे ती आपली. तिची वीज तोडायची. बटण दाबू नकोस, बटणाने ती सावकाश आवराआवर करून बंद होते आणि जाता जाता लिहून ठेवते. सरळ वायर उपट."

मग सामान सरकल्याचा आवाज. मग पलीकडून एक बारीक, ठरावीक अंतराने वाजणारी शिट्टी येऊ लागली. चष्मेवाल्याने कपाळावर हात मारला. ताईने भिंतीतला प्लग काढला होता, आणि यंत्र आता बॅटरीवर चाललं होतं. वीज गेली तरी ते बंद पडू नये म्हणून ती बॅटरीही त्यानेच, गेल्याच वर्षी, मोठ्या हौसेने बसवली होती.

"भिंतीतला नाही. पेटीच्या पाठीमागे हात घाल. पाठीमागची वायर."

"ऐका हो," खुर्चीतून आजोबा म्हणाले, "आता मला सगळं दोन दोन दिसतंय."

फोन तुटला.

त्याने पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. मग त्याच्या ध्यानात आलं की ताईने बहुतेक राउटरची वायर ओढली. ती घरातल्या वायफायवरूनच बोलत होती. म्हणजे आता ती तिथे एकटी, हातात भलतीच वायर घेऊन, आणि सर्व्हर चालूच. अकरा त्रेपन्न. तो दुकानाच्या दारात जाऊन उभा राहिला, जणू तिथून घर दिसणार होतं. समोरच्या रस्त्यावर एक जण दुकानाच्या काचा पुसत होता. चष्मेवाला त्याच्या हाताकडे बघत राहिला. घरी पळत सुटण्यात अर्थ नव्हता, न पळण्यातही अर्थ नव्हता. अकरा पंचावन्न. छप्पन्न.

अकरा अठ्ठावन्नला फोन थरथरला. ताईने लिहिलं होतं: "निळा दिवा गेला. आधी चुकीची ओढली, ती परत लावली. फोनवर तू किती धापा टाकत होतास."

त्याने आजोबांच्या नाकावरची फ्रेम उतरवली, बाकावरच्या माणसांची माफी मागितली आणि दुकान बंद केलं. घरी जाताना वाटेत त्याला एक सोपी युक्ती सुचली. डिस्क खराब झाली म्हणावं. डिस्का खराब होतातच. त्यात कुणाचा दोष नसतो. ताईला त्यातलं काही कळणार नव्हतं, आणि आईला तर मुळीच नाही. दोन चौक तो हेच मनात घोळवत होता.

घरात शिरला तेव्हा ताई कपाटासमोर फरशीवर बसली होती. उपटलेली वायर तिने हातात घट्ट धरली होती, सोडली तर वीज पुन्हा आत शिरेल अशी.

तो तिच्यासमोर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. नऊ तारीख, टिपण, बॅकअप, डबा. एकही गोष्ट त्याने झाकून ठेवली नाही. ती ऐकत राहिली. शेवटी तिने कोणती गेली एवढंच विचारलं.

"यादीतली तेरा. आणि तुझी स्वतःची सगळी. चारशे."

ताईने मान हलवली. रडली नाही, रागावली नाही. ती उठली, आत गेली आणि आपली वही घेऊन आली. त्या वहीत तिने आपली चारशे वाक्यं क्रमाने, सुवाच्य अक्षरात लिहिली होती. ती वही तिने त्याच्या मांडीवर ठेवली. त्यापेक्षा तिने एक थोबाडीत दिली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

गावात पुसलेल्या डिस्का वाचून देणाऱ्या एक बाई होत्या. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल होतं. चष्मेवाला त्यांना ओळखत होता, कारण त्यांचा उणे अकराचा चष्मा तो करून द्यायचा. रविवारी त्या काम घेत नसत. त्याने दार वाजवलं तेव्हा त्यांच्या हाताला कुंडीतली माती लागलेली होती. त्याने कशाची डिस्क आहे ते सांगितलं. त्यांनी हात धुतले.

डिस्कवाल्या बाईंनी आधी एकच प्रश्न विचारला: पुसल्यानंतर यंत्र किती वेळ चालू होतं? तासभर, तो म्हणाला. सफाई? दोन मिनिटं आधी वायर काढली. बाईंनी चष्म्याच्या जाड काचांतून त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्यांनी डिस्क अशा रीतीने जोडली की तिच्यावरचं वाचता येईल, पण एक अक्षरही लिहिता येणार नाही. मग तिची अख्खी नक्कल उतरवायला घेतली. त्याला दीड तास लागला. पडद्यावर एक आकडा सरकत होता आणि चष्मेवाला स्टुलावर बसून त्या आकड्याकडे बघत होता. बाई एकदा म्हणाल्या की तुम्ही बघितल्याने तो लवकर पळणार नाही. जरा फिरून या. तो हलला नाही.

नक्कल झाल्यावर त्यांनी मोकळ्या जागांत ध्वनीच्या फाइली हुडकायला सुरुवात केली. प्रत्येक फाइलच्या आरंभी एक ठरलेली खूण असते, तिच्यावरून ती ओळखू येते. पहिली सापडली तेव्हा बाईंनी ती वाजवली. दोन सेकंद खरखर झाली आणि मग खोलीत ताईचा आवाज आला, ठणठणीत नाही, घोगरा, पण तिचाच: "ठमे, केस बांधल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही."

चष्मेवाल्याने तोंड फिरवलं.

"एवढ्यात खूश होऊ नका," डिस्कवाल्या बाई म्हणाल्या. "काही अर्धवट निघतील. काही निघणारच नाहीत. आणि नाव एकाचंही मिळणार नाही. कोणतं वाक्य कुठलं, ते तुम्हालाच ऐकून लावावं लागेल."

संध्याकाळपर्यंत त्यांनी नऊशे सहा तुकडे काढून दिले. वाक्यं चारशे तेरा आणि तुकडे नऊशे सहा कसे, असं त्याने विचारलं. बाईंनी सांगितलं की त्यात पुसून टाकलेले प्रयत्नही आहेत. माणूस एक वाक्य तीनदा बोलतो, दोन पुसतो, एक ठेवतो. गेल्या सफाईनंतरचं जे जे पुसलं गेलं, ते सगळं यात आलंय. कुणी चुकून घालवलं आणि कुणी मुद्दाम, हे डिस्कला कळत नाही.

घाई आणखी एका कारणाने होती. मंगळवारी संध्याकाळपर्यंत सगळं पोचलं तरच ताई इस्पितळातून घरी येईल तेव्हा आवाज तयार असेल, नाहीतर पुढची पाळी सहा आठवड्यांनी, असं प्रयोगशाळेने कळवलं होतं. सहा आठवडे ताई घरात मुकी असणार, आणि ठमी नऊ वर्षांची.

सोमवारी त्याने दुकान उघडलंच नाही. जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप मांडले. एका बाजूला ताई, एका बाजूला तो, दोघांच्या कानांवर हेडफोन, मध्ये वही. एकेक तुकडा ऐकायचा, वहीत वाक्य शोधायचं, नंबर द्यायचा, पुढचा. पहिल्या शंभरात साठ जुळले. आई अधूनमधून चहा आणून ठेवत होती आणि आकडा विचारून जात होती, क्रिकेटचा स्कोअर विचारावा तशी. ताई कधी कधी हसायची, स्वतःचाच एखादा विनोद ऐकून. मग पुन्हा वहीत डोकं.

सहाशे एकोणचाळीस नंबरचा तुकडा लांब होता. इतर सगळे चार-पाच सेकंदांचे, हा जवळजवळ दोन मिनिटांचा. चष्मेवाल्याला वाटलं, दोन फाइली एकमेकींना चिकटल्या असतील. त्याने तो लावला.

"आई, तुला एक सांगायचंय," ताईचा आवाज म्हणाला. "त्या डॉक्टरांची काही चूक नव्हती."

त्याने वर पाहिलं. समोर ताई मान खाली घालून ऐकत होती, तिच्या कानात तिची दुसरी वाक्यं चालू होती.

"त्यांनी मला पहिल्याच वेळी चिठ्ठी दिली होती. घशाच्या डॉक्टरांना दाखवून या म्हणाले होते. मी गेले नाही. मुलींची स्पर्धा तोंडावर होती, म्हटलं नंतर बघू. चार महिने ती चिठ्ठी माझ्या पोहण्याच्या बॅगेत होती. भिजून तिचा लगदा झाला. मग तू गेलीस आणि भर दवाखान्यात त्यांना नाही नाही ते बोललीस, तेव्हा मी शेजारी उभी होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. बोलले नाहीत काही. मीही नाही बोलले." मग बराच वेळ नुसता श्वास. मग, "नको. नको हे." आणि टिक.

आवाज घोगरा झाल्यावर ताई पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेली होती, त्या नेहमीच्या डॉक्टरांचं घरात नाव निघालं की आई अजूनही पेटून उठायची. गोळ्या देऊन देऊन माझ्या पोरीचा गळा घालवला, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. चष्मेवाल्यानेही तेच चार जणांना सांगितलं होतं.

त्याने पुढच्या तुकड्यावर जायला हवं होतं. पण त्याचा हात जागचा हलला नाही. ताईने मान वर केली. त्याचा चेहरा पाहिला, मग त्याच्या पडद्यावरचा तो लांब तुकडा पाहिला. तिने हेडफोन काढले. आई स्वयंपाकघरात होती, नळ चालू होता.

"किती ऐकलंस?" ताईने कुजबुजत विचारलं.

"सगळं."

"पुसलं होतं मी ते."

"माहीत आहे."

"मग आता पुन्हा पूस."

त्याने बोट पुसायच्या बटणावर नेलं, आणि तिथेच ठेवलं. "पुसतो," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं. पण एक सांगतो. काल घरी येताना मी ठरवलं होतं, डिस्क खराब झाली म्हणून सांगायचं. दोन चौक तेच पाठ करत आलो."

"मग?"

"मग काय. तू वायर धरून बसली होतीस. दुसरं काही तोंडातून निघेचना."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला, भांडं ठेवल्याचा आवाज आला. तिने बोलायला तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा निघाली. तिने वहीचं मागचं पान उघडलं आणि लिहिलं: "परवानंतर मला हे बोलताच येणार नाही. लिहून दिलं तर आई चष्मा शोधेल, मोठ्याने वाचेल, ठमीसमोर." थोडं थांबून खाली लिहिलं: "ठेव ते."

"काय नाव देऊ फाइलला?"

"आई," तिने लिहिलं.

त्या दिवशी ते साडेसात वाजेपर्यंत बसले. मंगळवारी सकाळी उरलेले तुकडे संपले. चारशे तेरांपैकी तीनशे एकाहत्तर मिळाली. बेचाळीस गेली ती गेलीच. कोणती गेली ते वहीत बघून ताईने त्यांच्यासमोर बारीक फुल्या मारल्या. एकेका फुलीपाशी ती किती वेळ थांबत होती, ते चष्मेवाल्याने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. पाठवायचं सगळं त्याने तीनदा मोजलं, दोन वेगळ्या डिस्कांवर उतरवलं आणि दुपारी प्रयोगशाळेला पाठवलं. पोच आली तेव्हा चार वाजले होते.

त्याआधी, दुपारी जेवणं झाल्यावर, ठमी शाळेत असताना, ताईने आईला खुर्चीत बसवलं आणि हेडफोन तिच्या कानांवर चढवले. आईला वाटलं, काहीतरी गमतीचं ऐकवतायत. ती हसतच होती. मग तिचं हसू गेलं. चष्मेवाला दारात उभा होता. आत राहावं की जावं ते त्याला कळत नव्हतं. दोन मिनिटं घरात एकही आवाज नव्हता, फक्त आईच्या हेडफोनमधून अगदी बारीक, दुसऱ्या खोलीतून यावी तशी, ताईची गुणगुण.

संपल्यावर आईने हेडफोन काढले आणि त्यांची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली. ताईकडे तिने बघितलं नाही.

"भर दवाखान्यात बोलले मी त्यांना," ती म्हणाली. "दहा माणसं होती."

ती उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. कुठे चाललीस, असं विचारायची हिंमत दोघांनाही झाली नाही. ताई खुर्चीवरच बसून राहिली, हात मांडीत घेऊन. दीड तासाने आई परत आली. काय झालं ते तिने तुटक तुटक सांगितलं. नंबर लावून बसले. सहा जण पुढे होते. माझी पाळी आली तेव्हा आत गेले नाही. बाहेरच, सगळ्यांसमोर सांगितलं की मी तुम्हाला उगाच बोलले, चूक आमची होती. डॉक्टर खुर्चीतून उठून बाहेर आले. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की ऑपरेशन किती वाजता आहे. मग मला आत नेऊन बसवलं आणि रक्तदाब मोजला.

एवढं सांगून आई ताईच्या शेजारी बसली. रागावली होती का? होती. ते तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. पण बसली शेजारीच. काही वेळाने तिने ताईच्या कपाळावरचे केस मागे सारले, जरा जोरातच, लहानपणी शाळेत पाठवताना सारायची तसे.

भावोजी संध्याकाळी पोचले. बुधवारी सकाळी ऑपरेशन झालं. सात तास लागले. सर्जन बाहेर आले आणि गाठ पूर्ण निघाली म्हणाले, तेव्हा चष्मेवाला भिंतीला टेकून खाली बसला.

पुढच्या रविवारी त्याने यंत्र पुन्हा मांडलं. प्रणाली तीच ठेवली. तिने काही चुकीचं केलं नव्हतं. सांगितलं होतं तेच केलं होतं. मात्र आता त्याने प्रत्येक कंटेनर आतून बंद केला. डब्यात लिहायला गेलं की ताबडतोब तक्रार यावी, गुपचूप साठत राहू नये. बॅकअपला प्रत घेतली का हे विचारण्याऐवजी काल काय नवीन आलं ते विचारायला लावलं. आणि सुधारणांसोबतची टिपणं तो रोज सकाळी दुकान उघडण्याआधी उभ्याने वाचू लागला. त्यातली निम्मी कळत नसत, तरीही.

ताई तीन आठवड्यांनी घरी आली. आवाज तयार होता. ती फोनवर लिहायची आणि फोन तिच्यासारखा बोलायचा. अगदी तिच्यासारखा नाही. प्रश्नाच्या शेवटी तो जरा सपाट पडायचा, आणि हसणं त्याला येत नव्हतं. पण रागावणं उत्तम येत होतं. चारशे वाक्यांत ताईने त्याचाच भरणा केला होता. आईला तो पहिल्या तासातच सवयीचा झाला. ठमीला नाही. पहिले दोन दिवस तो आवाज सुरू झाला की ठमी खोलीतून उठून जायची. कुणी तिला काही म्हटलं नाही. ताईनेही आवाज बंद करून नुसतं लिहायला सुरुवात केली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ठमी ओल्या डोक्याने पलंगावर लोळत पुस्तक वाचत होती. ताईने दोनदा खुणेने सांगितलं, ठमीने दोन्ही वेळा बघितलंच नाही. मग ताईने फोन उचलला, आणि तो आवाज म्हणाला, "ठमे, उशी भिजतेय. ऊठ आणि डोकं पूस."

ठमीने पुस्तकातून मान वर केली नाही.

"पाच मिनिटं," ती कुरकुरली. "तू सारखी ओरडत असतेस."

चष्मेवाला बाहेरच्या खोलीत बूट काढत होता. एक बूट पायात, एक हातात, असा तो तिथेच थांबला. आत ताईची बोटं फोनवर भरभर चालत होती.

"पाच नाही," आवाज म्हणाला. "आत्ता."

"तीन," ठमी म्हणाली.